पहिली ओ

१

आमच्या घरात हाक मारायची एक पद्धत आहे. मी स्वयंपाकघरातून "खारू" म्हणायचं, तिने कामाच्या खोलीतून "ओ" द्यायची, आणि मग मी काय ते बोलायचं. नुसतं "काय गं" चालत नाही, "हं" तर नाहीच. ओ आली की कळतं माणूस कुठल्या खोलीत आहे, कामात आहे की पेंगतोय, चिडलाय की बरा आहे. माझा गुडघा उठबस करू देत नाही, तेव्हा निम्मं घर मी कानांनीच सांभाळते.

खारू माझी नात. लहानपणी काहीही हातात दिलं की दोन्ही पंजांत धरून कुरतडत बसायची, अजूनही बसते, म्हणून मी खारू म्हणते. मी एकटीच म्हणते. बाकी जगासाठी तिचं शाळेतलं नाव आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर. आत आलं की बैठकीची खोली, डावीकडे स्वयंपाकघर, आणि समोर अरुंद पॅसेज. पॅसेजच्या सुरुवातीलाच खारूची कामाची खोली, मग आमची झोपायची, मग भिंत. भिंतीवर खुंट्यांची पट्टी, त्यावर छत्र्या, पिशव्या आणि कुणी घालत नाही ते कोट. भिंतीपलीकडे काही नाही. म्हणजे हवा आहे, आणि खाली लॉन्ड्रीचं दुकान. स्वयंपाकघरातल्या माझ्या स्टुलावरून कामाच्या खोलीचं दार समोर दिसतं, पॅसेजचं टोक दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नंतर सांगत बसायला जीव राहत नाही.

खारू मोठमोठ्या इमारतींच्या नळांचे नकाशे काढते. पाणी कुठून येणार, घाण कुठून जाणार. नव्या ऑफिसने तिला घरून काम करायची परवानगी दिली, खोक्यात बंद असलेला कोरा कॉम्प्युटर पाठवला, आणि सांगितलं, आमचा नकाशांचा प्रोग्रॅम या आठवड्यात बसवा आणि सोमवारी चालू करून दाखवा. नाही जमलं तर दुसऱ्या शहरात, त्यांच्या ऑफिसात येऊन बसा.

तसं झालं असतं तर मी थोरल्या मुलाकडे. थोरल्याकडे मला वेगळी खोली आहे, मोठा टीव्ही आहे, सूनबाई वाईट नाही. पण दिवसभर हाक मारायला कुणी नाही.

२

"आजी, बसतच नाहीये."

"कोण?"

"प्रोग्रॅम."

"मग उभा राहू दे थोडा वेळ."

ती हसली नाही, तेव्हा मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. गुडघा धरत तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. मला अक्षर लागत नाही, पण ती पडद्यावरचं मोठ्याने वाचते आणि एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. पट्टी भरत भरत शेवटापर्यंत यायची आणि तिथे लाल फुली. "आवश्यक घटक दिलेल्या जागी सापडला नाही." पुन्हा बसवायचा, पुन्हा तेच.

तिने ऑफिसच्या दुरुस्तीवाल्यांना फोन लावला आणि स्पीकर लावून फोन टेबलावर उताणा ठेवला. ते गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी "हं हं" करायचे, म्हणून आमच्यात त्यांचं नाव हंहंवाले पडलं.

"हं हं. मॅडम, प्रोग्रॅमचा दोष नाही. तुमचं एन्व्हायर्नमेंट बिघडलंय."

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"वातावरण, आजी."

"खिडकी तर उघडी आहे."

"हं हं. कोण आहे तिथे?"

"माझी आजी आहे. तुम्ही बोला."

"सेटिंगमध्ये जा. पाथ बघा. पाथ चुकला असणार."

मला ऐकू आलं पाठ. मी म्हटलं, पाठ करायचं असेल तर मला सांगा, चुकणार नाही. खारूने तोंडावर हात ठेवला. मग हंहंवाले सेटिंग उघडायला लावत होते, तेवढ्यात तिने मला समजावलं.

"हे बघ, प्रोग्रॅमला कामासाठी आणखी पाचपन्नास जणांची मदत लागते. तो त्यांना नावाने हाक मारतो. आता ते राहतात कुठे? तर कॉम्प्युटरकडे जागांची एक ओळ असते, आधी इथे बघ, मग तिथे. त्या ओळीचं नाव पाथ. जो पहिल्यांदा ओ देतो त्याला तो घेतो. पुढच्यांना विचारत नाही."

"आणि पहिल्या जागी त्याच नावाचा भलताच कुणी बसला असेल तर?"

"तर त्यालाच घेतो. म्हणून तर फुली येते."

"तू समजून मी भलतीलाच चहा देईन का?"

"तू बघून देतेस, आजी. हा बघत नाही. पहिली ओ ज्याची, तो घरचा."

मग तिने जागा वाचायला घेतल्या. लांबलचक इंग्रजी नावं होती, मला त्यांत गोडी नव्हती. पण पहिलीच जागा वाचून ती थांबली.

"तुम्ही मशीन पाठवताना माझं घरातलं नाव कुठे टाकलंत का?" तिने फोनला विचारलं.

"हं हं. आमच्याकडे घरातली नावं नसतात मॅडम."

पहिल्या जागेचं नाव होतं खारू.

३

तिला वाटलं तिनेच कधीतरी टाकलं असेल. मला वाटलं, वाटू दे. कॉम्प्युटरचं खोकं तिने माझ्यासमोर फोडलं होतं, माझ्याच सुरीने, पण काम करणाऱ्या माणसाला मध्येच टोकू नये.

हंहंवाल्यांनी त्या जागेत काय आहे ते उघडून बघायला सांगितलं. तिथे काहीच नव्हतं. काहीच म्हणजे जागाच नव्हती, तसल्या नावाचा फोल्डर पूर्ण कॉम्प्युटरमध्ये कुठे नव्हता. ते म्हणाले, मग ती ओळ पुसून टाका, यंत्र बंद करून चालू करा, मी उद्या बोलतो.

ती पुसत होती आणि मी चहा टाकायला उठले. स्टुलावर बसून मी नेहमीसारखी हाक मारली.

"खारू."

"ओ."

"आलं घालू का?"

"ओ," कामाच्या खोलीतून आली. "घाल की. विचारतेस काय?"

चहा उकळत होता. मी गॅस बारीक केला. दोन वेळा ओ आली होती. एखाद्या वेळी माणूस देतं दोनदा. पण पहिली ओ दाराकडून आली नव्हती. ती पॅसेजच्या आतून आली होती, पिशव्यांच्या बाजूने, थोडी दबलेली, तोंडावर कोट धरल्यासारखी.

"तू मघाशी पॅसेजमध्ये गेली होतीस?" कप देताना मी विचारलं.

"मी कुठे गेले? ही बघ ना, ती ओळ परत आली. सगळ्यांत वर."

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या आयुष्यात आवाजांना कारणं सापडलेली आहेत. पाण्याच्या टाकीत हवा अडकली की बाई रडल्यासारखी रडते. लिफ्टच्या विहिरीतून तळमजल्याची भांडणं आमच्या न्हाणीघरात शब्दन्‌शब्द ऐकू येतात, आणि मी ती ऐकतेही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मटार सोलता सोलता मी नीट तपासून बघायचं ठरवलं.

आधी शाळेतल्या नावाने हाक मारली. एकच ओ, कामाच्या खोलीतून. वर, "आजी, बरी आहेस ना? हे नाव कुठून काढलंस?"

थोडं थांबून, "खारू."

आधी पॅसेज, मग खोली.

पुन्हा, आवाज बारीक करून. तेच. पुन्हा, जवळजवळ पुटपुटत, की खोलीपर्यंत जाऊच नये. खोलीतून काही आलं नाही. पॅसेजमधून आली.

आणि मला जे खटकत होतं ते तेव्हा लक्षात आलं. भिंतीवरून परत येणारा आवाज नेहमी मागून येतो. ही ओ पुढे होती. मी "खा" म्हणून "रू" म्हणायला ओठ जमवत असायची तेवढ्यात ती यायची. जणू नाव पूर्ण ऐकायची गरजच नव्हती.

मी मटार तसेच टाकून पॅसेजमध्ये गेले. एकेक पिशवी बाजूला सारून भिंतीवर हात ठेवला. थंड होती, कोरडी होती. ठोकून बघितली, भरीव होती. मग इस्त्रीचे कपडे घेतले आणि लिफ्टने खाली गेले.

लॉन्ड्रीवाली दारातच उभी होती. मी मान वर करून आमची भिंत शोधली. खालपासून वरपर्यंत सपाट. खिडकी नाही, सज्जा नाही, एक पाण्याचा पाइप तेवढा.

"काय बघताय आजी?"

"आमची भिंत."

"पडतेय का काय?"

"नाही. आहे का ते बघतेय."

"म्हणजे आता आम्ही भिंतींचीही पावती द्यायची," ती म्हणाली आणि कपडे मोजायला लागली. मोजता मोजता तिने वर बघितलं. "जा हो, नात बोलावतेय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. "कुठून?"

तिने हातातल्या शर्टाने वर दाखवलं, सरळ, त्या पाइपच्या शेजारी. मग शर्ट खाली आला. "आवाज तर तिकडूनच आला," ती म्हणाली, आणि कपडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

वर आले तर खारू कानांवर ते जाड हेडफोन लावून बसली होती. तिने हाक मारलीच नव्हती.

५

हंहंवाल्यांनी दुपारी तिचा कॉम्प्युटर आपल्या ताब्यात घेतला. तिकडे बसून ते बाण हलवायचे आणि इकडे पडद्यावर तो आपोआप फिरायचा. मी पलंगावर बसून बघत होते. खारू नखं खात होती. सोमवारी काम दाखवायचं होतं, आणि ऑफिसच्या बाईंचा सकाळीच निरोप आला होता की नाही जमत तर तुमची तिकडे राहायची सोय बघू का?

"हं हं. आता मी यंत्रालाच विचारतो, या नावाला कोण ओ देतंय."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं. खारूने वाचलं, "खारू."

"आणि मी तर आत्ताच ती ओळ पुसलीय. हं हं. पुन्हा पुसतो."

पुसली. विचारलं. खारू. यंत्र बंद केलं, चालू केलं. सगळ्यांत वर खारू.

"नसलेल्या जागेवरून उत्तर येत नाही मॅडम," ते म्हणाले, आणि मी कान टवकारले, कारण या वाक्याला हं हं नव्हतं. नंतरही बराच वेळ नव्हतं. बाण पडद्याच्या मधोमध उभा होता.

"साहेब, मला सोमवारी दाखवायचंय हो," खारू म्हणाली. "काहीतरी करा. कसंही चालेल."

"एक उपाय आहे. पुस्तकातला नाही, पण आम्ही करतो. यंत्र हट्टाने तिथेच बघतंय ना? मग भांडायचं कशाला? त्या नावाचा फोल्डर बनवा. त्याला तिथे जागा करून द्या. सगळं त्यातच बसवा. त्याला पाहिजे ते मिळालं की फुली यायची नाही."

"चालेल?"

"चालतं. फक्त फोल्डर तुम्ही बनवा, तुमच्या हाताने. मी सोडतोय तुमचं मशीन."

"थांब खारू," मी म्हणणार होते. म्हणजे मी तोंड उघडलं होतं. पण नाव तोंडातून काढलं तर काय होईल ते मला माहीत होतं, आणि त्या वेळी मला ती ओ ऐकायची नव्हती. तेवढ्यात तिने फोल्डर बनवून नाव टाकलं होतं.

पट्टी भरत भरत गेली आणि शेवटाला हिरवी खूण आली. खारूने माझ्या गळ्यात हात टाकले. "आजी, राहिलो आपण. नाही जायचं कुठे."

"झालं ना?" फोनमधून आवाज आला. "मग आता त्याला हात लावू नका. कधीच."

पॅसेजमध्ये, खुंटीवरची एक छत्री खाली पडली. ती काय, कधीही पडते.

६

त्यानंतर दोन ओ येणं थांबलं. एकच यायची. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. सोमवारी तिचं काम पसंत झालं, ऑफिसच्या बाई पडद्यावर माझ्याशीही दोन शब्द बोलल्या. मी स्वतःलाच म्हटलं, बघ, म्हातारपणी कान वाजतात, तू उगाच लॉन्ड्रीपर्यंत गेलीस.

मग एका सकाळी मी स्टुलावर बसून गाजरं किसत होते. कामाच्या खोलीचं दार समोर, लोटलेलं. आत खारू, खुर्ची करकरल्याचं ऐकू येत होतं.

"खारू."

"ओ."

आणि ती आली. पॅसेजमधून आली, हात पुसत. "काय गं?"

कामाच्या खोलीचं दार हललं नव्हतं. मी गाजर हातात धरून दाराकडे बघत होते आणि ती माझ्या शेजारी उभी होती. कपाळावरचा तीळ, ओढणीचा धागा निघालेला, सगळं जिथल्या तिथे.

"कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? काम करत होते."

"दार तर उघडलं नाहीस."

"आजी, मी काय भिंतीतून येणार?" ती हसली आणि गाजराचा एक तुकडा उचलून घेतला. एका हाताने. नुसता तोंडात टाकला.

ती गेल्यावर मी पॅसेजच्या टोकाला जाऊन आले. पिशव्या आणि कोट दोन बाजूंना सारलेले होते, मधून माणूस जाईल एवढे. पडदा बाजूला करून कुणी आत शिरावं आणि मग तो तसाच राहावा, तसे. मध्ये भिंत होती. थंड, कोरडी. पंखा बंद असून एक कोट अजून हलत होता.

मागे, कामाच्या खोलीत, खुर्ची करकरली.

मी जेवताना तिला म्हटलं, "तो फोल्डर काढून टाक गं."

"आणि?"

"आणि काय. नाव बदल त्याचं."

"आजी, त्याला हात लावला की प्रोग्रॅम बंद. मग मी तिकडे आणि तू मोठ्या काकांकडे. जायचंय का तुला?" तिने ताटातली काकडीची चकती दोन्ही हातांत धरली आणि कडेने कुरतडायला लागली.

ते बघून माझा जीव भांड्यात पडला. नाही जायचं मला, म्हटलं. जेव तू.

७

तेव्हापासून मी तिला हाक मारत नाही. गुडघा दुखला तर दुखला, उठते, भिंतीला धरून जाते, डोळ्यांनी बघते आणि मग बोलते. खारूला वाटलं डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी तसंच राहू दिलं.

माझी चूक एवढीच झाली की मी एकाच बाजूचा विचार केला. हाक तीही मारते.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. कामाच्या खोलीतून तिने हाक मारली, "आजी."

मी तोंड उघडलं, आणि ओ आली. माझी. पॅसेजच्या टोकाहून. माझी ओ जरा घोगरी आहे, शेवटाला मी ती खाली सोडते, आयुष्यभर तशीच देत आलेय. अगदी तशीच. माझ्या तोंडात माझी ओ तशीच राहिली होती.

खुर्ची सरकली. दार उघडलं, आणि खारू माझ्याकडे न बघता पॅसेजमध्ये वळली. बघेल कशाला? ओ तिकडून आली होती.

मी धावले म्हणजे माझं धावणं. टेबल, दार, भिंत. पॅसेजच्या तोंडाशी पोहोचले तर ती तिकडून परत येत होती. हातात छत्री.

"अगं, आत्ता तिथे होतीस, इतक्यात इथे?"

"काय म्हणाले मी?"

"कधी?"

"आत्ता. तिथे. काय म्हणाले तुला?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "म्हणालीस, जागा करून दिलीस ते बरं केलंस."

८

आता मी एक केलंय. ती हाक मारायच्या आधीच मी ओ देते. सवयीचा प्रश्न आहे. खुर्ची कशी करकरते, श्वास कसा घेते, कीबोर्ड कुठे थांबतो, यावरून मला आधीच कळतं की आता हाक येणार. बरोबर त्या क्षणी, मोठ्याने, "ओ". पहिली ओ माझी लागली पाहिजे, बस्स. मग पुढच्यांना कुणी विचारत नाही.

खारू म्हणते, "आजीचं डोकं फिरलंय, मी गप्प असले तरी ओ देते." फोनवर मोठ्या काकांनाही सांगून झालंय तिचं. फिरू दे. ओ देते आणि ती माझ्याकडे येते. चहा मागते, पाय चेपून देते, नकाशांतल्या नळांच्या गमती सांगते. घर अगदी पूर्वीसारखं आहे.

आज सकाळीही मी स्टुलावर बसले होते. कामाच्या खोलीचं दार समोर, लोटलेलं. आत कीबोर्ड थांबला. खुर्ची करकरली. श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि मी वेळ साधून, चांगली ठणठणीत, दिली.

"ओ."

खोलीतून काही आलं नाही. कीबोर्ड पुन्हा वाजायला लागला.

मग हाक आली.

"आजी," खारू म्हणाली, पिशव्यांच्या बाजूने.

ओ तर देऊन झाली होती. पहिली ओ ज्याची, तो घरचा, आणि ती माझी होती. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले.